शुक्रवारचं पत्रक

शाळेत मुलं पाच, पण पत्रकाच्या प्रती मी छत्तीस काढते,
कारण स्कारवो बेटावर उंबरठे छत्तीस.
ज्यांच्या घरी मूल नाही तेही वाचतात.
मॅन्सी हॅल्क्रो तर लाल पेनाने चुका काढून
सोमवारी माझ्या टेबलावर प्रत आणून ठेवतो.

तर, बातम्या.

उवा सापडल्या आहेत. कुणाच्या, ते लिहायचं नसतं.
पाचांत दोघे सख्खे भाऊ, एकाचं डोकं चकोट,
तुम्हीच करा गणित.

एक हातमोजा, डावा, निळा, मनगटाशी पांढरी नक्षी,
तीन आठवडे रेडिएटरवर वाळतोय.
आता तो वाळला आहे. घेऊन जा.

तिसरीतल्या एरिकने कड्यावरचे पफिन मोजले.
दोनशे बारा. मग एक उडाला, किंवा दुसराच येऊन बसला,
म्हणून वहीत त्याने लिहिलं, दोनशे बारा किंवा तेरा.
बाईंनी 'किंवा'खाली रेघ ओढून वर तारा काढला.

फोटोवाला मंगळवारी येणार होता.
वारा असा सुटला की बोट धक्क्याला लागलीच नाही,
लांबूनच आपल्याकडे बघून वळली.
मुलं भांग पाडून, मोजे गुडघ्यापर्यंत ओढून
खिडकीशी उभी.
शेवटी स्वयंपाकघरातून विल्मा आली, हात पुसत,
आणि तिने फोनवर फोटो काढला.
पाचही चेहरे समुद्राकडे.
हवा असल्यास दोन पौंड.

आता पुढचे कार्यक्रम.

बुधवारी दातांचे डॉक्टर, बोट आली तर.
गुरुवारी फिरतं वाचनालय, बोट आली तर.
याचा एक रबरी शिक्काच बनवून घ्या,
असं फ्रेया बाई म्हणतात,
ज्या सहा वर्षांपूर्वी एका सत्रापुरत्या आल्या होत्या.

शुक्रवार, अठरा जून, क्रीडादिन.
रिलेला आठ जण लागतात. तीन आपण उसने घेतो:
विल्मा, बोटीवरचा लोवी,
आणि स्वतः मॅन्सी, वय वर्षं एक्क्याऐंशी.
गेल्या वर्षी बॅटन हातात पडल्यावर तो पळत सुटला
तो थेट घरी, आणि त्याने चहा टाकला.
या वर्षी त्याला मधे ठेवू.

उशा, घोंगड्या आपापल्या आणा. गवत ओलं असतं.

सातवीचा निरोप समारंभ, तीस जून, दुपारी दोन.

इथे मी उठले, कागद सरळ केले,
किटली लावली, लावून विसरले.
सातवी म्हणजे ऑस्ला.
सातवीची सहल, सातवीचं नाटक, सातवीचा गोंधळ,
घंटेची दोरी, कोंबड्यांचं पाणी, सगळं तीच.
वर्गात पहिली यायची, आणि शेवटचीही.
ऑगस्टमध्ये मोठ्या बेटावर, वसतिगृहात;
शुक्रवारी रात्री घरी येईल,
बोट आली तर.

कारकून म्हणून लिहायचं की आई म्हणून, ते ठरेना.
कारकुनाने लिहिलं: केक शाळेतर्फे. सर्वांनी यावे.
पुढील वर्षीचा पट, चार.
इतकी वर्षं एका हाताची बोटं पुरत होती;
त्यातलंच एक आता बोटीत बसून जाणार,
हे काही पत्रकात बसेना.

सोमवारी मॅन्सीची प्रत आली.
अठरा जून हा शुक्रवार नव्हे, गुरुवार. बरोबर आहे त्याचं.
'घोंगड्या'तला अनुस्वार राहिला होता, त्याने दिला.
'मधे ठेवू'पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह.
आणि खाली, 'सर्वांनी यावे'पाशी, जिथे चूक नव्हती,
तिथे लाल शाईचा जाडसर ठिपका,
पेन बराच वेळ टेकून राहिल्यासारखा.

ताजा कलम:
हातमोजा अजून इथेच आहे.